वाडग्यात खरोखर भाजी उतरावी म्हणून: वनस्पतीजन्य सुपांचे पहिले धडे

आहारात भाज्या आणि फळे वाढवायची असे ठरवले, तेव्हा सर्वांत सोपा मार्ग म्हणून मी सूप निवडले होते. दोन महिने जवळपास रोज रात्री वाडगाभर सूप घेऊन झाल्यावर, निव्वळ कुतूहल म्हणून, एकदा पातेल्यात टाकण्याआधी सगळे जिन्नस काट्यावर ठेवून पाहिले. दोन गाजरे १२० ग्रॅम भरली आणि एक छोटा कांदा ६० ग्रॅम. त्यांच्या सोबतीला एक बटाटा, दोन चमचे कॉर्नफ्लोअर आणि दीड लिटर पाणी होते. हे सूप चार वाडग्यांत वाटले जात असे, म्हणजे एका वाडग्याच्या वाट्याला ४५ ग्रॅम भाजी येत होती. बाकीचे होते ते पिठाने दाट केलेले, मीठ-मिरी घातलेले गरम पाणी.

ज्यांना सूप हे भाजी खाण्याचे साधन म्हणून हवे आहे, पण स्वयंपाकाचा फारसा सराव नाही, त्यांच्यासाठी हा लेख आहे. वनस्पतीजन्य म्हणजे ज्यात मांस, मासे, अंडी, दूध, साय, लोणी यांपैकी काहीही नाही असे सूप. हे जिन्नस वगळल्यावर चव आणि दाटपणा कुठून आणायचा, हाच नवख्यांचा खरा प्रश्न असतो, म्हणून पुढचा बराचसा मजकूर त्याबद्दलच आहे.

१. पाककृती शोधण्याआधी आकडा ठरवा

जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस प्रौढांनी दिवसाला किमान ४०० ग्रॅम फळे आणि भाज्या खाव्यात अशी आहे, आणि त्यात बटाटा, रताळे यांसारखे पिष्टमय कंद धरलेले नाहीत. हे ४०० ग्रॅम सहसा ८० ग्रॅमच्या पाच वाट्यांत मोजले जातात. मी स्वतःसाठी नियम केला तो असा की सुमारे ४०० मिलिलिटरच्या एका वाडग्यामागे २०० ग्रॅम भाजी पडली पाहिजे, म्हणजे चार वाडग्यांच्या पातेल्यात ८०० ग्रॅम. एका वाडग्यात अडीच वाटे होतात आणि उरलेले अडीच दिवसभरातल्या फळांतून आणि इतर जेवणातून सहज भरून निघतात.

वजन करायचे ते साल, बिया, देठ काढून झाल्यावरचे. बाजारातून एक किलो लाल भोपळा आणला म्हणजे एक किलो भाजी झाली असे समजू नका, कारण त्याच्या जाड सालीत आणि बियांच्या पोकळीत बरेच वजन जाते. पहिले दोन आठवडे प्रामाणिकपणे काटा वापरा. त्यानंतर डोळ्यालाच अंदाज येतो आणि काटा कपाटात जातो.

मोजण्याबद्दल मी एवढा आग्रही असण्याला आणखी एक कारण आहे. अमेरिकेतील पेन्सिल्व्हेनिया स्टेट विद्यापीठाच्या २००७ सालच्या एका प्रयोगात असे आढळले की जेवणाआधी भाज्यांचे सूप घेतलेल्यांनी, सुपासकट धरूनही, त्या जेवणात सुमारे २० टक्के कमी उष्मांक घेतले. सूप भूक भागवते, हे वजन कमी करू पाहणाऱ्यांना चांगलेच वाटेल. मात्र सूप नावापुरते असेल, त्याने पोट भरले आणि ताटातली भाजी तशीच राहिली, तर भाजी वाढवण्यासाठी सुरू केलेल्या उपक्रमाने ती कमी होते. माझे दोन महिने बहुधा तसेच गेले असावेत.

एक इशारा इथेच देतो. मूत्रपिंडाचा विकार असल्यामुळे पोटॅशियमवर मर्यादा घातलेल्या व्यक्तींनी, तसेच रक्त पातळ ठेवण्यासाठी वॉरफरिन घेणाऱ्यांनी, भाज्यांचे प्रमाण एकाएकी वाढवण्याआधी आपल्या डॉक्टरांशी बोलावे. पालेभाज्यांतील ‘के’ जीवनसत्त्वाचा वॉरफरिनच्या परिणामाशी थेट संबंध असतो. आणि आहार पूर्णपणे वनस्पतीजन्य करणार असाल, तर ‘बी १२’ जीवनसत्त्वाची सोय स्वतंत्रपणे करावी लागते, कारण ते कोणत्याही भाजीच्या सुपातून भरवशाने मिळत नाही.

२. जवळ काय हवे

साधनांची यादी छोटी आहे:

- चार ते पाच लिटरचे, जाड बुडाचे, घट्ट झाकणाचे पातेले
- धार असलेली सुरी आणि न सरकणारी फळी (फळीखाली ओले फडके अंथरले की ती हलत नाही)
- स्वयंपाकघरातला वजनकाटा
- लाकडी उलथणे, पळी आणि रवी
- पातेल्यातच फिरवता येणारा हँड ब्लेंडर, नसल्यास नेहमीचा मिक्सर
- पसरट, झाकणाचे डबे

यांपैकी ज्यावर हात आखडता घेऊ नये अशी एकच वस्तू म्हणजे जाड बुडाचे पातेले. पातळ बुडाच्या भांड्यात कांदा मध्यभागी जळतो आणि कडेला कच्चा राहतो. सुपाची चव पहिल्या दहा मिनिटांतच बिघडते आणि पुढे काहीही घातले तरी ती सावरत नाही.

साठ्यात कांदा, लसूण, आले, मसूर डाळ, एखादे पांढरे कडधान्य, वाळवलेली अळंबी, तेल, मिरी, जिरे आणि लिंबू असले, की दारी येईल त्या भाजीचे सूप होऊ शकते. गोठवलेले मटार, पालक, मका हेही निःसंकोच वापरा. त्यांना ताज्या भाजीहून कमी लेखण्याचे कारण नाही, आणि निवडण्या-चिरण्याचा वेळ वाचतो तो वेगळाच.

३. भाज्यांची शिजण्याच्या वेळेनुसार वाटणी करा

नवखा माणूस सगळ्या भाज्या एकदम चिरतो, एकदम पातेल्यात टाकतो आणि सगळे शिजलेसे वाटले की गॅस बंद करतो. तोवर पालकाचा शेवाळी चिखल झालेला असतो, फ्लॉवरला उग्र वास सुटलेला असतो आणि गाजर मात्र अजून दाताखाली कचकच करत असते.

म्हणून चिरून झाल्यावर फळीवरच तीन ढीग करा. पहिला ढीग कांदा, लसूण, आले, सेलरी यांचा. हा चवीचा पाया असून तो तेलात परतायचा आहे. दुसरा ढीग गाजर, लाल भोपळा, बीट, सलगम अशा कठीण भाज्यांचा. त्यांना १५ ते २५ मिनिटे लागतात आणि फोडी जितक्या लहान, तितका वेळ कमी. तिसरा ढीग शेवटच्या टप्प्यात घालायच्या भाज्यांचा. ब्रोकोली, फ्लॉवर, कोबी यांना ८ ते १० मिनिटे पुरतात, मटारांना ४ ते ५, आणि पालक किंवा इतर कोवळ्या पाल्याला जेमतेम २.

कोबीच्या कुळातल्या भाज्या जास्त शिजल्या की त्यांच्यातली गंधकयुक्त संयुगे मोकळी होतात. ‘भाज्यांचे सूप’ म्हटल्यावर अनेकांच्या नाकाला जो कोंदट वास आठवतो तो हाच. पालकाचा हिरवा रंग जातो त्यालाही कारण आहे. उष्णता आणि आम्ल यांमुळे हरितद्रव्यातील मॅग्नेशियम निघून जाते आणि रंग शेवाळी-तपकिरी होतो. रंग टिकावा म्हणून चिमूटभर खाण्याचा सोडा घालण्याचा सल्ला कोणी दिला तर ऐकू नका. सोड्याने रंग टिकतो हे खरे, पण भाजीचा लगदा होतो आणि थायमिन हे जीवनसत्त्व नष्ट होते. पाला उशिरा घालणे आणि लिंबू गॅस बंद केल्यावर पिळणे एवढ्याने काम भागते.

४. परतण्याची घाई करू नका

संपूर्ण प्रक्रियेतली सर्वांत महत्त्वाची पायरी ही आहे, आणि तीच बहुतेक जण गाळतात. मांस किंवा लोणी नसलेल्या सुपाची खोली बहुतांशी या टप्प्यावर ठरते.

चार वाडग्यांसाठी दीड मोठा चमचा तेल घ्या. तेल अजिबातच वगळण्याचा मोह आवरा, कारण गाजर, भोपळा, टोमॅटो, पालक यांतील कॅरोटिनॉइड ही उपयुक्त रंगद्रव्ये स्निग्ध पदार्थाबरोबर अधिक चांगली शोषली जातात. तेल तापल्यावर कांदा आणि चिमूटभर मीठ घाला. मिठामुळे कांद्याचे पाणी सुटते आणि तो जळण्याऐवजी मऊ होतो. मंद आचेवर झाकण ठेवून ८ ते १० मिनिटे राहू द्या आणि अधूनमधून हलवा. कांदा काचेसारखा पारदर्शक झाला, उलथण्याने दाबल्यावर सहज तुटू लागला आणि तिखट वास जाऊन गोडसर वास येऊ लागला, की तो तयार झाला असे समजा. त्यानंतरच लसूण आणि आले घाला, तेही एक मिनिटासाठीच. लसूण कांद्याच्या आधी किंवा बरोबर घातला तर तो करपतो, आणि करपलेल्या लसणाचा कडवटपणा पातेलेभर पसरतो.

अधिक गडद चव हवी असेल तर झाकण काढून आणखी दहा मिनिटे परता. कांदा सोनेरी होईल आणि बुडाला तपकिरी थर धरू लागेल. तो थर घासून टाकण्याजोगा नाही, चवीचा अर्क तिथेच जमलेला असतो. दोन-तीन चमचे पाणी शिंपडून उलथण्याने तो खरवडून घ्या आणि कांद्यात मिसळा. अळंबी वापरत असाल तर ती याच टप्प्यावर, भरपूर जागा देऊन परता. ती आधी पाणी सोडते, ते पाणी आटते, आणि त्यानंतरच तिला रंग चढतो. पाणी सुटलेले पाहून ‘झाले’ म्हणणारे निम्म्या वाटेवरून परत फिरतात.

ओव्हन असेल तर भोपळा, फ्लॉवर, टोमॅटो यांच्या फोडींना तेल चोळून २०० अंश सेल्सिअसवर ३० ते ४० मिनिटे भाजून घ्यावे आणि मग पातेल्यात टाकावे. मेहनत तेवढीच असते, पण चवीत जमीन-अस्मानाचा फरक पडतो.

५. पाणी बेताने आणि उकळी हळू

भाजी ८०० ग्रॅम असेल तर पाणी एक लिटरपेक्षा जास्त घालू नका. डाळ नसेल तर ७०० ते ८०० मिलिलिटरही पुरते. पातेल्यात डोकावल्यावर भाज्या जेमतेम बुडालेल्या दिसल्या पाहिजेत. पाणी मागाहून वाढवता येते. जास्त झालेले पाणी आटवत बसलो, तर भाज्या गळून जातात. पाणी आधीच तापवून घातले तर वेळ वाचतो.

आता पाण्याऐवजी भाज्यांचा अर्क, म्हणजे स्टॉक, वापरावा का? माझे मत असे आहे की पहिले काही महिने त्याच्या फंदात पडू नये. तयार स्टॉकच्या वड्यांत मीठ फार असते, आणि नीट परतलेल्या कांद्यावर साधे पाणी पडले तरी पुरेसा स्वाद येतो. पुढे हौस वाटली तर गाजराची टोके, कांद्याची बाहेरची पाने, सेलरीची पाने आणि अळंबीचे देठ जमवून ३०-४५ मिनिटे उकळा आणि गाळून घ्या. कोबी-फ्लॉवरचे दांडे त्यात टाकले तर अर्क उग्र होतो, बीट टाकले तर सगळे लाल होते, आणि हिरवी पडलेली बटाट्याची साल कधीच टाकू नये, कारण तिच्यात सोलॅनिन हे विषारी द्रव्य असते.

एक उकळी आली की आच मंद करून झाकण ठेवा. पृष्ठभागावर अधूनमधून बुडबुडा फुटावा इतकीच उष्णता पुरते. ‘शिजवल्यावर जीवनसत्त्वे राहतात का?’ असा प्रश्न नेहमी विचारला जातो. ‘सी’ जीवनसत्त्व उष्णतेने काही प्रमाणात नष्ट होते आणि पाण्यातही उतरते. उकडलेल्या भाजीचे पाणी आपण ओतून देतो, सुपात मात्र ते वाडग्यातच राहते. टोमॅटोमधील लायकोपीन हे लाल रंगद्रव्य तर शिजवल्यावर आणि तेलाच्या संगतीत शरीराला अधिक सहज मिळते. तंतुमय भागाबद्दल एवढेच सांगतो की सूप वाटले तरी तंतू त्यात राहतात, पण गाळले तर चोथ्याबरोबर बाहेर जातात. गुळगुळीतपणाच्या हौसेने सूप गाळणे म्हणजे केलेल्या कष्टांवर आपणच पाणी ओतणे होय.

६. डाळी आणि कडधान्ये घाला, पण नियम पाळा

फक्त भाज्यांचे सूप दोन तासांत भूक लावते. वाडग्यामागे २०-२५ ग्रॅम मसूर डाळ घातली की प्रथिने मिळतात, दाटपणा येतो आणि सूप जेवणाच्या जागी बसू शकते. सोललेली मसूर डाळ भिजवावी लागत नाही, २० मिनिटांत विरघळल्यासारखी होते, आणि म्हणूनच नवख्यांसाठी ती सर्वांत सोयीची.

पहिला सापळा आंबटाचा आहे. टोमॅटो, लिंबू, चिंच यांतील आम्लामुळे डाळ, कडधान्य आणि कठीण भाज्या लवकर मऊ होत नाहीत. डाळ तासभर शिजूनही कणकण लागत असेल तर दोष बहुधा डाळीचा नसतो, आधीच घातलेल्या टोमॅटोचा असतो. म्हणून डाळ शिजल्यावरच टोमॅटो घाला.

दुसरा सापळा गंभीर आहे. लाल राजम्यात फायटोहिमॅग्लुटिनिन नावाचे द्रव्य असते आणि राजमा अर्धवट शिजला तर त्याने काही तासांतच जोरदार उलट्या-जुलाब होतात. राजमा किमान ५ तास भिजवावा, ते पाणी फेकून द्यावे, नव्या पाण्यात किमान ३० मिनिटे खळखळ उकळावा आणि मग मऊ होईपर्यंत शिजवावा. मंद आचेच्या विजेच्या भांड्यात कच्चा राजमा थेट टाकणे विशेष धोक्याचे आहे, कारण ते भांडे पुरेसे तापत नाही आणि ८० अंशांच्या आसपासच्या उष्णतेने विषारीपणा उलट वाढू शकतो. डबाबंद राजमा आधीच शिजवलेला असतो. तो फक्त धुऊन घ्या, म्हणजे त्याचे खारे पाणीही निघून जाईल.

वनस्पतीजन्य पदार्थांतील लोह शरीरात कमी प्रमाणात शोषले जाते, पण सोबत ‘सी’ जीवनसत्त्व असले तर शोषण सुधारते. मसुराच्या सुपावर शेवटी लिंबू पिळण्यामागे चवीखेरीज हेही कारण आहे.

७. दाटपणा आणि वाटण

सूप दाट करण्याचा माझा क्रम असा आहे: आधी त्यातलीच भाजी, मग मसूर किंवा पांढरे कडधान्य, त्यानंतर भिजवलेले काजू किंवा दोन चमचे ओट्स, आणि अगदी शेवटी बटाटा. कॉर्नफ्लोअर मी सोडून दिले आहे. भाजी पुरेशी असेल तर त्याची गरज पडत नाही, आणि गरज पडत असेल तर भाजी कमी आहे असे खुशाल समजा.

सायीसारखा मऊपणा हवा असेल तर चार वाडग्यांना ३० ग्रॅम काजू अर्धा तास गरम पाण्यात भिजवून अगदी बारीक वाटून घाला. ज्यांना सुक्या मेव्याची ॲलर्जी आहे त्यांच्यासाठी शिजवलेले पांढरे कडधान्य तेच काम करते. बटाटा घातलाच असेल तर तो मिक्सरमधून फिरवू नका, रवीने घुसळा. वेगाने फिरणाऱ्या पात्यांनी बटाट्यातला स्टार्च बाहेर पडतो आणि सूप खळीसारखे चिकट, ताणले जाणारे होते.

संपूर्ण सूप वाटण्यापेक्षा दोन-तीन पळ्या बाजूला काढून बाकीचे वाटावे आणि काढलेला भाग परत मिसळावा, असे मी सुचवीन. सूप दाट होते आणि चावायलाही काही उरते. रोज एकजीव लगदा पिण्याचा कंटाळा लवकर येतो.

आता मिक्सरबद्दल. गरम सूप बंद भांड्यात फिरवले की वाफ एकदम प्रसरण पावते आणि झाकण उडते. पहिल्याच महिन्यात माझे बिटाचे सूप छतापर्यंत पोहोचले होते, आणि मनगटावर आलेला फोड आठवडाभर त्याची आठवण करून देत होता. सूप दहा-पंधरा मिनिटे निवू द्या. भांडे अर्ध्याहून कमी भरा, झाकणाच्या मधली छोटी टोपी काढून त्यावर दुमडलेले फडके धरा आणि सर्वांत कमी वेगाने सुरुवात करा. हँड ब्लेंडरची पाती सुपात पूर्ण बुडाल्यावरच तो चालू करा आणि बाहेर काढण्याआधी बंद करा.

८. चव जुळवणे: चार चमच्यांची परीक्षा

सूप बेचव लागले की हात आपोआप मिठाकडे जातो. मीठ दिवसाला ५ ग्रॅमच्या आत ठेवावे अशी जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस आहे. चार वाडग्यांच्या पातेल्यात एक सपाट छोटा चमचा, म्हणजे साधारण ५ ते ६ ग्रॅम मीठ घातले, तर एका वाडग्यात सुमारे दीड ग्रॅम जाते. तेवढ्यावर थांबायचे असेल तर इतर चवींची मदत घ्यावी लागते.

त्यासाठी मी एक सोपी परीक्षा करतो. चार छोट्या वाट्यांत एकेक चमचा सूप घेतो. पहिल्यात काही घालत नाही, दुसऱ्यात दोन थेंब लिंबू, तिसऱ्यात मिठाचे चार कण, चौथ्यात तेलाचा एक थेंब. चारही चाखल्यावर पातेल्याला काय हवे ते लगेच कळते. माझा अनुभव असा की दहापैकी सात वेळा उत्तर लिंबू असते. भाज्यांची सुपे मुळात गोडसर असतात आणि आंबटपणाची धार नसल्याने ती सपक वाटतात, मीठ कमी आहे असा केवळ भास होतो.

तरीही चव पोकळच वाटली तर कमतरता मांसल चवीची असते. टोकियोतील रसायनशास्त्रज्ञ किकुनाए इकेदा यांनी १९०८ साली कोंबू या समुद्री शेवाळापासून ग्लुटामेट वेगळे केले आणि या चवीला उमामी हे नाव दिले. पिकलेल्या टोमॅटोत आणि सोया सॉसमध्ये ग्लुटामेट भरपूर असते, तर वाळवलेल्या शिताके अळंबीत ही चव अनेक पटींनी खुलवणारे ग्वानिलेट असते. पाच-सहा वाळवलेल्या अळंब्या अर्धा तास भिजवून चिरून घालाव्यात आणि ते भिजवणीचे पाणीही वापरावे. तळाशी रेती असते, म्हणून शेवटचे दोन चमचे पाणी मात्र टाकून द्यावे.

९. पहिले पातेले: गाजर, टोमॅटो आणि मसूर

साफ केलेले ४०० ग्रॅम गाजर, २५० ग्रॅम टोमॅटो, १५० ग्रॅम कांदा, चार पाकळ्या लसूण, बोटाच्या पेराएवढे आले, १०० ग्रॅम मसूर डाळ, दीड मोठा चमचा तेल, अर्धा छोटा चमचा जिरे, मीठ, मिरी, लिंबू आणि एक लिटर पाणी घ्या. हे चार वाडगे होतात.

तेलात जिरे तडतडू द्या, चिमूटभर मिठासह कांदा दहा मिनिटे मऊ करा, मग एक मिनिट लसूण-आले परता. गाजराचे अर्ध्या सेंटिमीटर जाडीचे काप घालून तीन-चार मिनिटे परता. धुतलेली डाळ आणि गरम पाणी घालून उकळी आणा, वर आलेला फेस काढा आणि झाकण ठेवून मंद आचेवर १५ ते २० मिनिटे शिजवा. डाळीचा दाणा बोटांत सहज चिरडला जाऊ लागला की चिरलेला टोमॅटो घाला आणि आणखी दहा मिनिटे ठेवा. दोन पळ्या बाजूला काढून उरलेले निवल्यावर वाटा, परत एकत्र करा, पुन्हा एक उकळी आणा आणि मग उरलेले मीठ घाला. मिरी ताजी कुटून आणि लिंबू ताटात वाढताना.

हे सूप तीनदा केल्यावर गाजराच्या जागी भोपळा, टोमॅटोच्या जागी लाल ढोबळी मिरची किंवा अळंबी घालून पाहा. पद्धत तीच राहते, फक्त तिसऱ्या ढिगातल्या भाज्यांची वेळ सांभाळावी लागते.

१०. फळे कुठे बसतात

स्वयंपाकाची भाषा बाजूला ठेवली तर टोमॅटो, भोपळा आणि काकडी ही वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने फळेच आहेत. पण आपण ज्यांना फळे म्हणतो त्यांचा गरम सुपातला वाटा मर्यादित असतो, हे कबूल करायला हवे. भोपळ्याच्या पातेल्यात एक आंबट सफरचंद परतले किंवा गाजराच्या सुपात गॅस बंद केल्यावर एका संत्र्याचा रस आणि गर घातला, तर चव खुलते. मात्र चार वाडग्यांत वाटल्यावर फळाचा एक पूर्ण वाटा कोणालाच मिळत नाही. फळे शक्यतो सबंध खावीत, सुपातले फळ हे चवीसाठी मानावे.

थंड सुपे मात्र याला अपवाद आहेत. ५०० ग्रॅम खरबूज, ३०० ग्रॅम काकडी, पुदिना, लिंबू आणि चिमूटभर मीठ एकत्र वाटून दोन तास थंड केले की चार छोटे वाडगे होतात आणि प्रत्येकात १२५ ग्रॅम फळ येते. इथे उकळी नसल्याने जंतू मारणारे काहीच नसते, म्हणून खरबुजाची साल कापण्याआधी वाहत्या पाण्यात घासून धुवा आणि सूप दुसऱ्या दिवसापर्यंत संपवा. थंड पदार्थात चवी बोथट होतात, म्हणून मीठ-लिंबाची अंतिम जुळवणी थंड झाल्यावरच करावी.

११. साठवण

रोज सूप करणे कोणालाही जमत नाही, आठवड्यातून दोनदा मोठे पातेले करणेच व्यवहार्य असते. पण गरम पातेले तसेच फ्रिजमध्ये ठेवले तर मधला भाग कित्येक तास कोमट राहतो, आणि ५ ते ६० अंश सेल्सिअस या टप्प्यात जीवाणू झपाट्याने वाढतात. सूप पसरट डब्यांत वाटून किंवा पातेले थंड पाण्यात ठेवून निववा आणि शिजवल्यापासून दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये जाऊ द्या. खोलीचे तापमान ३२ अंशांच्या वर असेल तर एका तासातच. फ्रिजमध्ये ते तीन ते चार दिवस टिकते. लागेल तेवढेच बाहेर काढा आणि मधोमध खळखळ उकळी येईपर्यंत तापवा, कोमट करून खाऊ नका.

उणे १८ अंशांच्या फ्रीझरमध्ये सूप दोन-तीन महिने चांगले राहते. गोठताना पाणी प्रसरण पावते, म्हणून डब्यात वर दोन-तीन सेंटिमीटर जागा सोडा, नाहीतर काचेची बरणी हमखास तडकते. बटाट्याच्या फोडी गोठल्यावर भुसभुशीत होतात आणि पास्ता फुगून बसतो, त्यामुळे असे जिन्नस तापवतानाच घालावेत. पालेभाजी आणि लिंबूही तेव्हाच. प्रत्येक डब्यावर चिठ्ठी लावून तीवर नाव, तारीख आणि वाडग्यामागे किती ग्रॅम भाजी आहे ते लिहून ठेवा. गाजराचे आणि भोपळ्याचे सूप गोठल्यावर हुबेहूब सारखे दिसते, आणि कोणत्या डब्यात २०० ग्रॅम भाजी आहे अन् कोणत्यात घाईगडबडीत शंभरच पडली होती, हे महिन्याभराने कोणाच्याही लक्षात राहत नाही.